बारा बाजार मागे

‘परवा’ हा शब्द मी अक्कांच्या घरात पहिल्याच आठवड्यात सोडून दिला. सोडावाच लागला. तोंडातून चुकून निघाला, की अक्का भाकरी तव्यावर तशीच ठेवून माझ्याकडे वळायच्या.

"परवा म्हंजे कधी? वार सांग."

"सोमवार असेल, अक्का."

"असंल नको. ह्या बाजाराच्या आदला सोमवार, का मागच्या बाजाराच्या आदला?"

आता मला सांगायचं असे ते एवढंच, की परवा नळाला गढूळ पाणी आलं होतं. पण पाणी राहिलं बाजूला. सोमवार पक्का होईपर्यंत अक्का मला पुढे बोलू देत नसत आणि भाकरीही उलटत नसत. ती करपायची, आणि माझ्यामुळे करपली म्हणून माझ्याच ताटात यायची.

मी धुळ्याची. बँकेत लागले आणि पहिलीच नेमणूक मिळाली सावद्याजवळच्या एका गावात. चारी बाजूंना केळी, मध्ये गाव. एकट्या पोरीला खोली द्यायला तयार असं घर एकच निघालं, अक्कांचं. खाली अक्का, वर मी, जेवण दोघींचं एकत्र. अक्का सत्तरीच्या, उंच, काटकुळ्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला, शेत वाट्याने दिलेलं. त्यामुळे पायांना काम नव्हतं, आणि पायांना तर भिंगरी. दिवसभर ओटा ते परसदार, परसदार ते ओटा. चपलांचा तो फटक फटक आवाज ऐकून माझंसुद्धा एका जागी लक्ष लागेना.

पहिल्या दिवशी मी सामान उतरवत होते तेव्हा त्यांनी विचारलं, याच्या आधी काय करत होतीस? म्हटलं, परीक्षा दिली होती, दोन महिन्यांपूर्वी निकाल लागला.

"महिने नको सांगू मले," अक्का म्हणाल्या. "महिना लबाड असतो. कधी तिसाचा, कधी एकतिसाचा. बाजार सांग."

बाजार म्हणजे बुधवारचा आठवडे बाजार. अक्कांचा सगळा काळ त्या एका खुंटीला टांगलेला होता. त्यांच्या घरात कॅलेंडर नव्हतं असं नाही. होतं, मुलाने पाठवलेलं, आणि त्याच्या मागे झुरळांचा खडू ठेवलेला असे. तारीख म्हटली की त्या नाक मुरडायच्या. त्यांना मागे जायचं असलं की त्या बुधवारांवर पाय ठेवत जायच्या. अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर टेकवायच्या, एका बोटाची पेरं तीन, चार बोटांची बारा. एक हात म्हणजे बारा बाजार. मग दुसरा हात. दोन्ही हात संपले तर शेजारी जो कोणी बसला असेल त्याचा हात ओढून घ्यायच्या. माझा हात मी किती वेळा त्यांना उसना दिलाय, देवच जाणे. एकदा पोस्टमनचाही ओढला होता. तो बिचारा सही घ्यायला आला होता.

आणि प्रत्येक बाजाराला नाव. तारखेचं नाही, भाजीचं. "ज्या बाजारी गिलके निबर निघाले." "ज्या बाजारी भरताची वांगी संपून गेली न् मी हात हलवत आली." कोणत्या बाजारी काय आणलं, ते कुणी खाल्लं, कुणी नाक मुरडलं, हे सगळं डोक्यात बसलेलं. मी एकदा वैतागून म्हटलं, अक्का, हे सगळं मोबाईलमध्ये एका मिनिटात कळतं. तर म्हणतात, "मंग इचार तुह्या मोबाईलले, त्या दिवशी आपल्या घरी काय शिजलं होतं."

हे वेड कशामुळे लागलं, हे मी त्यांना एकदा सरळ विचारलं होतं. वाटलं, काहीतरी मोठं कारण निघेल, काहीतरी दुःखाचं. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तू दात काहाले घासते?"

संपलं.

त्रास असा व्हायचा, की एखादा दिवस सापडला नाही तर अक्कांना चैन पडायचं नाही. जेवण जायचं नाही. एकदा गॅसचं सिलेंडर कधी आलं होतं यावरून त्या अडल्या. मी अंघोळीला गेलेली. दारावर थाप. "पोरी, सिलेंडरवाला आला त्या दिवशी तू हिरवा ड्रेस घातला होता का?" मी आतून ओरडले, मला काय माहीत. दोन तांबे अंगावर घेतले न घेतले, पुन्हा थाप. "आठव ना वं. हिरवा असला तं तो गुरुवार होता." मी साबणाच्या अंगाने कपाळाला हात लावला. शेवटी हो म्हटलं, हिरवाच होता. खोटं सांगितलं, सरळ सांगते. पण त्यांना ते पटलं नाही, कारण हिरवा ड्रेस त्या दिवशी दोरीवर वाळत होता म्हणे. मग मला विचारलं तरी कशाला?

सगळ्यात कहर म्हणजे त्या एकदा मला घेऊन गावात दुखवट्याला गेल्या. म्हातारे नाना गेले होते, घरातले सगळे रडवेले, सून डोळ्यांना पदर लावून बसलेली. अक्का टेकल्या आणि थोरल्या मुलाला विचारलं, "नाना शेवटचे आमच्याकडे जेवले तो बाजार कोन्ता रे? वांग्याचा का मेथीचा?" मला वाटलं, जमिनीत गडप व्हावं. पण झालं काय, की थोरला म्हणाला मेथीचा, धाकटा म्हणाला छे, वांग्याचा, नानांनी भरीत दोनदा मागून घेतलं होतं, मी शेजारीच होतो. सुनेने पदर खाली केला आणि म्हणाली, दोघंही चुकताय, त्या दिवशी नानांना अपचन होतं, ते नुसतं ताक प्यायले. अर्धा तास तोच वाद. उठताना थोरल्या मुलाने अक्कांना गेटपर्यंत सोडलं. मी मात्र घरी येऊन दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

तरी गावात त्यांना मान होता. गाय कधी गाभण राहिली, केळीला पहिलं खत कधी पडलं, भाडेकरू कधी आला, लोक ओट्यावर येऊन विचारायचे आणि अक्का पेरं मोजून सांगायच्या. भांडणात त्यांचा शब्द शेवटचा. ‘अक्कांनी बाजार सांगितला’ म्हटलं की विषय मिटला. माझी आई धुळ्याहून फोनवर विचारायची, "बठ्ठं नीट शे ना? घरमालकीण कशी शे?" मी म्हणायचे, घड्याळासारखी आहे, फक्त काटे उलटे फिरतात.

गावात अक्कांची चेष्टा करायची हिंमत एकाच माणसात होती, समोरच्या घरातल्या मनीषात. नरडाण्याची, म्हणजे माझ्याच धुळ्याकडची पोर, वर्षभरापूर्वी लग्न होऊन आलेली. तिचे वडील तिथल्या एका कारखान्यात कामाला. ती आणि मी भेटलो की अहिराणीत बोलायचो, त्यामुळे आमचं लगेच जमलं. मनीषा मुद्दाम ओट्यावर यायची आणि म्हणायची, "अक्का, परवा काय गंमत झाली माहितीये?" आणि अक्का वळल्या की पळून जायची. अक्का मागून शिव्या घालायच्या आणि हसायच्या. बाजारातून येताना तिच्यासाठी काहीतरी वेगळं बांधून आणायच्या, बोरं, चिंचा, काहीबाही. माझ्यासाठी कधी आणलं नाही.

मनीषाचा नवरा बोअर मारायच्या गाडीवर होता. गाडी मध्य प्रदेशात फिरायची, तो दोन-दोन महिने घरी यायचा नाही. आला की दोन-तीन आठवडे राहायचा, पुन्हा जायचा. घरात मनीषा आणि सासू. सासूला मी काकू म्हणायचे. बाई वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. पण लोक काय म्हणतील या एका भीतीने तिला पोखरलेलं होतं.

एप्रिलमधला रविवार होता. ऊन असं, की नऊ वाजताच ओटा तापला. आदल्या दिवशी काकू मनीषाला सोनोग्राफीला घेऊन गेल्या होत्या आणि आता दोघी पेढे घेऊन आल्या होत्या. गल्लीतल्या आणखी दोन बायका बसलेल्या. मी होते. काकू खूश होत्या, आणि त्या खुशीतच त्यांनी अक्कांना विचारलं, "डॉक्टरीनबाई म्हने बारा आठवडे झाले. आपल्याले ते आठवडे-बिठवडे कळत नाहीत. कधीपासून धराचं, अक्का?"

अक्कांना काय, तेच हवं होतं. अंगठा करंगळीवर गेला. हा बाजार कैरीचा. त्याच्या मागचा काकडीचा, कडू निघाली ती. त्याच्या मागचा... अशा बाजारामागून बाजार टाकत त्या अंगठ्याजवळच्या बोटाच्या शेंड्यापर्यंत आल्या. एक हात पुरा.

"हा पाहा बारावा," अक्का म्हणाल्या. "हरभऱ्याचे डहाळे पहिल्यांदा आले तो बाजार."

इथे थांबायला हवं होतं. पण थांबतील त्या अक्का कसल्या. मोजणं नीट जमलं की त्यांना पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नसे. म्हणाल्या, "त्याच्यानंतर अजून एक बाजार झाला, न् मंग येनाऱ्या रविवारी तुहा पोरगा आला. बॅग घेऊन उतरला तवा मी ओट्यावर वाल सोलत होती."

म्हणजे हिशोब काय झाला? बारा आठवड्यांपूर्वी नवरा घरात नव्हता. त्याच्या आधीचे दोन महिनेही नव्हता. तो आला त्यानंतर दीड आठवड्याने. हे कुणी बोललं नाही, पण बसलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडावर ते उमटलं. काकूंनी हातातला अर्धा पेढा परत डब्यात ठेवला. मनीषा आधी समजलीच नाही. मग समजली, आणि तिने सासूकडे पाहिलं. अक्का मात्र आपल्याच नादात, "घ्या ना वं पेढा, ठेवला काहाले?"

काकू उठल्या आणि मनीषाला दंडाला धरून घेऊन गेल्या. मग समोरचं दार लागलं.

तेव्हा कुठे अक्कांच्या डोक्यात प्रकाश पडला. मी इतकी चिडले होते की माझी जीभ सुटली. म्हटलं, "कुणी विचारलं होतं हो तुम्हाला तिचा नवरा कधी आला ते? त्या पोरीचं घर मोडलं तुमच्या या बोटांनी." अक्कांनी चपला पायात सरकवल्या. उठल्या आणि चालायला लागल्या. ओटा, परसदार, ओटा. आणि चालता चालता मोजत होत्या. मी किती वेळ ऐकत होते. कैरी, काकडी, पुन्हा डहाळे. पुन्हा कैरी. प्रत्येक वेळी तिथेच येऊन थांबायच्या. दुपारी म्हणाल्या, "कुठी तरी चुकली असती तं बरं झालं असतं. पन चुकत नाही वं." दुपारी जेवल्या नाहीत. संध्याकाळीही नाही.

समोरून दिवसभर काकूंचा आवाज येत होता, मनीषाचा येत नव्हता. तिन्हीसांजेला ती पाणी टाकायला बाहेर आली तेव्हा मी गाठलं. डोळे सुजून लाल. म्हणाली, "ताई, मी काहीच करेल नही शे. एकदाव गऊ ते माले परत कोन लई येई?" एकदा गेले तर परत आणणार कोण, हीच तिला धास्ती. काकूंनी नरडाण्याला फोन केला होता. मंगळवारी सकाळी वडील येऊन तिला घेऊन जाणार. नवऱ्यालाही फोन लावला होता, तो म्हणे, आई म्हणेल तसं. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. तो तीनशे किलोमीटरवर नसता तर वाजवलीही असती.

सोमवारी बँकेत माझं लक्ष नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी धुळ्याला मावसबहिणीला फोन लावला. ती नर्स आहे. तिला सगळं सांगितलं, तर ती हसलीच. म्हणाली, "अगं, डॉक्टर आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीपासून. पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं, तरी धरतात. बारा आठवडे म्हणजे गर्भ दहाच आठवड्यांचा." मी खुर्चीतच टेकून बसले. दहा आठवड्यांपूर्वी नवरा घरी आलेला होता. सगळं जुळत होतं. मनीषा खरी होती, आणि गंमत म्हणजे अक्कांचे बाजारही खरे होते.

बँक सुटल्यावर मी जवळजवळ धावत घरी आले. अक्कांना सांगितलं. त्या कालपासून पहिल्यांदा खाली बसल्या.

"म्हंजे पोरगी खरी?"

"खरीच."

"न् मोजनंही खरं?"

"तेही खरं."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला. मी तशीच समोर गेले. काकूंना बसवून, हात धरून सगळं समजावलं. बहिणीला पुन्हा फोन लावून दिला, तर त्यांनी तो हातातही घेतला नाही. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोटात काहीच नाही न् मोजून राह्यले? असं कुठी असतं का? उद्या दुकानदार रिकामा तराजू धरंल न् म्हनंल हे दोन किलो झाले." मी म्हटलं, डॉक्टरांकडे चला, त्याच सांगतील. तर म्हणाल्या, "हे तोंड घेऊन डॉक्टरपाशी जाऊ? चार लोकांत इचारू, की माह्या सुनेचं पोर कोनाचं? तू बँकेतली. तुहं अजून लग्न नाही. तुले यातलं काय कळतं? अक्कानं बाजार मोजला. अक्काचा बाजार आजवर चुकला का कधी?"

मी तशीच उठले. परत आले, अक्कांना शब्दन् शब्द सांगितला, रागारागात रडले पण. अक्का ऐकत होत्या. शेवटचं वाक्य त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग "जाय, झोप" म्हणाल्या.

मंगळवारी सकाळी मनीषाचे वडील आले. रेल्वेने भुसावळला उतरून, पुढे बसने. साधा माणूस, कारखान्याचा निळा शर्ट तसाच अंगात, कामावरून सरळ निघाला असावा. काकूंच्या ओट्यावर कडेला बसले होते, खाली मान घालून. मनीषाची बॅग दारात. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात उभ्या, कुणी झाडतंय, कुणी उगाच तांदूळ निवडतंय. मी बँकेचा डबा हातात घेऊन आमच्या पायरीवर. आज रजा टाकावी का हेच ठरवत होते, तेवढ्यात अक्का माझ्या बाजूने खाली उतरल्या आणि सरळ गल्ली ओलांडून त्या ओट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी चुकली," अक्का मोठ्याने म्हणाल्या. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

काकूंनी वर पाहिलं. "काय चुकलं, अक्का?"

"मोजनं चुकलं. माह्या बहिनीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं तवा मी शिरपूरले होती ना? त्यातले दोन बाजार मी केलेच नाहीत. जे केले नाहीत ते बोटावर आलेच नाहीत. मले काल रातच्याला ध्यानात आलं. दोन बाजार कमी पडले. म्हंजे डॉक्टरीनबाई म्हनते ते बारा आठवडे डहाळ्याच्या बाजारापासून नाहीत, त्याच्या दोन बाजार पुढून हायेत. तुहा पोरगा रविवारी आला, त्याच्या मागून जो बुधवार आला तो." मग मनीषाच्या वडिलांकडे वळल्या. "भाऊ, पोरगीचं काही चुकलं नाही. ही म्हातारी चुकली. मले माफ करा."

आणि सत्तरीची ती बाई त्या माणसापुढे वाकली. तो गडबडून उठून उभा राहिला.

मी पायरीवर तशीच. कारण मला माहीत होतं काय खरं ते. शिरपूरला त्या होत्या हे खरं. पण बहिणीचा डोळा बांधलेला असतानाही दोन्ही बुधवारी अक्का पहाटेची गाडी धरून आल्या होत्या, एवढ्या लांबून, केवळ बाजार चुकायला नको म्हणून. भाजी घेतली, जेवल्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेल्या. मी दोन्ही वेळा त्यांची पिशवी स्टँडवर पोचवली होती आणि दोन्ही वेळा त्यांना वेड्यात काढलं होतं. बाजारात तेव्हा त्यांना शंभर माणसांनी पाहिलं असेल. पण कुणी कुणाला कोणत्या बुधवारी पाहिलं, हे लक्षात ठेवणारं गावात एकच माणूस होतं, आणि ते तिथे उभं राहून खोटं बोलत होतं. मोबाईल सगळ्यांकडे होते. आठवडे मोजायला एक मिनिट लागलं असतं. कुणी काढला नाही. माझ्या हातात होता, मीही काढला नाही.

काकूंचा चेहरा मी बघत होते. आधी काही कळेना त्यांना. मग जो सुटल्यासारखा झाला तो चेहरा, काय सांगू. त्या बाईलाही सून घालवायची नव्हतीच. रडायलाच लागल्या. मग रडता रडता चिडल्या. "अक्का, माह्या लक्ष्मीसारख्या पोरीले मी काय काय बोलली तुमच्यापायी. असं कसं मोजलं तुम्ही?"

"म्हातारी झाली बाई आता," अक्का म्हणाल्या.

काकूंनी बॅग स्वतः उचलून आत नेली. व्याह्यांना चहा झाला, दुपारचं जेवण करूनच जा असा आग्रह झाला. मी बँकेत गेले ती अर्धा तास उशिरा.

आता इथे गोष्ट संपली असं वाटेल कुणाला, पण मला त्या घरात अजून दीड वर्ष काढायचं होतं, आणि ते दीड वर्ष फार वाईट गेलं. अक्कांकडे विचारायला येणं बंद झालं. पहिल्यांदा एक-दोघं हसण्यावारी न्यायचे, मग थेट तोंडावर. दोन शेतकऱ्यांचा गाईवरून वाद चालला होता, अक्का ओट्यावरून म्हणाल्या, तो बाजार कांद्याचा होता रे. तर त्यातला एक म्हणतो, "राहू द्या अक्का, तुम्ही दोन बाजार खाऊन टाकता." दोघेही हसले आणि मोबाईल काढून बसले. मी वरून ऐकत होते. त्या माणसाचं बँकेत काम आलं तेव्हा मी त्याला तीन चकरा मारायला लावल्या, आणि मला त्याचं अजून काही वाटत नाही.

पण मला सगळ्यात लागलं ते मनीषाचं. तिचं काय चुकलं म्हणा. आपण खरे आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं, म्हणजे मोजणं खोटंच असणार, आणि अक्कांनी तर स्वतः कबूल केलेलं. त्या दोन दिवसांत तिने जे ऐकलं ते अक्कांच्या बोटांमुळे ऐकलं. ती पुन्हा ओट्यावर आली नाही. समोरून जाताना मला हात करायची, अक्का दिसल्या की मान वळवायची. अक्का दोन-चार बुधवारी तिच्यासाठी चिंचा, कैऱ्या घेऊन आल्या, माझ्या हाती पाठवल्या. तिने डबा तसाच परत दिला. मग अक्कांनी आणायचं सोडलं.

मी एकदा चिडून म्हटलं, बस झालं, मी तिला सांगून टाकते. अक्का ताडकन उभ्या राहिल्या. "एक शब्द बोलली तं खोली खाली कर." मी म्हटलं, तिला एकटीला सांगते. "तिले सांगितलं तं नवऱ्याले सांगंल. नवरा मायले सांगंल. मंग तुही काकू परत मोजाले बसंल, डहाळ्यापासून. काहाले त्या लेकराच्या मागं लावते?" त्या बोलल्या ते बरोबर होतं. मी तिला सांगितलं नाही.

दिवाळीच्या सुमारास मनीषाला मुलगा झाला. बारशाला सगळ्या गल्लीला बोलावणं, तसं अक्कांनाही आलं. अक्का नवं लुगडं नेसल्या, बाळासाठी झबलं घेतलं. मी सोबत. घर बायकांनी भरलेलं. नाव ठेवून झालं, पाळणा म्हणून झाला आणि बाळ एकीच्या मांडीवरून दुसरीच्या मांडीवर फिरायला लागलं. मनीषा स्वतः देत होती. हिच्याकडे, तिच्याकडे, माझ्याकडे. माझ्या शेजारी अक्का बसलेल्या, पदर सारखा करून, दोन्ही हात मांडीवर मोकळे ठेवून. मनीषाने माझ्याकडून बाळ घेतलं आणि अक्कांना ओलांडून पलीकडच्या बाईला दिलं.

काकू घुगऱ्या वाटत होत्या. अक्कांच्या हातावर ठेवता ठेवता सगळ्यांसमोर म्हणाल्या, "या आमच्या अक्का. यांच्या मोजन्यावर राह्यलो असतो तं आज हे लेकरू या घरात नसतं." बायका हसल्या.

"व्हय बाई," अक्का म्हणाल्या. "चुकलंच माह्यं."

मी घुगऱ्या कशाबशा संपवल्या आणि अक्कांना उठवलं. आम्ही निघालो. गल्ली ती केवढी, दहा पावलांची, पण अक्का नेहमीसारख्या झपझप चालल्या नाहीत. मधेच थांबल्या आणि मागे त्या दाराकडे पाहिलं. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता.

"एकदा मांडीवर तं द्याचं होतं वं," अक्का म्हणाल्या.